रीसेल फ्लॅटचं वीज मीटर: ताबा घेण्याआधी नेमकं काय काय तपासायचं?

सामानबांधा

कोथरूडमधला भाड्याचा फ्लॅट सोडून डोंबिवलीत रीसेल फ्लॅटमध्ये जायचं ठरलंय. दोन्हीकडे महावितरणच आहे. खरेदीखताची नोंदणी साधारण तीन आठवड्यांवर आलीय. विक्रेत्याकडून नव्या फ्लॅटचं शेवटचं वीजबिल मागवलं, त्यावर दिसतंय ते असं:

बिल विक्रेत्याच्या नावावर नाहीच, त्याच्याही आधीच्या मालकाच्या नावावर आहे. फ्लॅट सहा महिने बंद आहे आणि रीडिंगच्या ठिकाणी 'लॉक' लिहून सरासरी युनिट लावलेत. मागील थकबाकी शून्य. आधी तिथे शिकवणीचे वर्ग चालायचे, त्यामुळे दर संकेत कमर्शियल म्हणजे एलटी-२ चा आहे. मंजूर भार १ किलोवॅट, सिंगल फेज. सुरक्षा ठेव ९४० रुपये.

आमच्याकडे दीड टनाचे दोन एसी, २ किलोवॅटचा गीझर आणि इंडक्शन शेगडी आहे.

कोथरूडचा हिशेब वेगळाच अडलाय. तिथलं रीडिंग दर महिन्याच्या २० तारखेच्या आसपास होतं, आम्ही १२ ला निघतोय. मालकांचं म्हणणं, पुढचं बिल येईल ते पूर्ण तुम्हीच भरा. शिवाय 'अतिरिक्त सुरक्षा ठेव' असं एक वेगळं बिल आलंय, तेही आमच्याच गळ्यात.

कुठून सुरुवात करू? एजंट म्हणतो, थकबाकी शून्य आहे, बिनधास्त सही करा.

---

बिलवाचक

एजंटचं ऐकू नका. रीडिंग 'लॉक' असताना थकबाकी शून्य दिसणं म्हणजे काहीच कळलं नाही असं समजा. सरासरीने लावलेलं बिल भरलेलं आहे, एवढंच त्यातून दिसतं. मीटरवर खरे किती युनिट पडलेत ते अजून बिलात आलेलंच नाही. तुम्ही राहायला गेलात, रीडिंग घेणाऱ्याला मीटर सापडला की सगळा फरक एकदम निघतो आणि तेव्हा घरात तुम्ही असता.

तो फरक जुन्या मालकाचा असला तरी वीज कंपनी तुमच्याकडे मागू शकते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेत (सध्या लागू असलेली २०२१ ची) आधीच्या मालकाची थकबाकी हा जागेवरचा बोजा मानलाय. केरळच्या वीज मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये अशा तरतुदी वैध ठरवल्या. म्हणून 'ते बिल माझ्या काळातलं नाही' हे काउंटरवर चालत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. नोंदणीच्या आधी विक्रेत्याला घेऊन मीटर रूममध्ये जा, आजच्या रीडिंगचा फोटो काढा. तो फोटो जोडून उपविभाग कार्यालयात अर्ज द्या: 'लॉक स्थितीतील बिल प्रत्यक्ष रीडिंगप्रमाणे दुरुस्त करून मिळावे.' तिथली माणसं याला 'बी-८० करणं' म्हणतात, तो शब्द वापरलात तर काम लवकर कळतं. अर्जाची पोच घ्या. सोबत त्या ग्राहक क्रमांकाचा सीपीएल मागा. सीपीएल म्हणजे महिनावार खातेउतारा: कुठल्या महिन्यात किती रीडिंग, कुठे सरासरी, किती भरणा. सहा महिन्यांचं लॉक म्हणता ते खरंच सहा आहेत की चौदा, हे त्यातच दिसेल.

दुरुस्त बिल आलं की ते विक्रेत्याने भरायचं, आणि मग सही. तीन आठवड्यांत दुरुस्ती झाली नाही, तर आजच्या रीडिंगवरून अंदाजे रक्कम काढून ती व्यवहारातून राखून ठेवा. 'ताब्याच्या तारखेपर्यंतच्या वापराची सर्व वीज देणी विक्रेत्याची, ताब्याच्या वेळची रीडिंग अमुक' हे वाक्य करारात आकड्यासकट हवं. नुसतं 'सर्व देणी विक्रेत्याची' लिहिलं की नंतर तारखेवरून वाद होतो.

थकबाकी निघाली आणि ती ५,००० च्या वर असली, तर रोख घेऊन रांगेत उभं राहू नका. १ ऑगस्ट २०२३ पासून शेती सोडून इतर लघुदाब (घर, दुकान अशा) ग्राहकाकडून रोखीने कमाल ५,००० रुपयेच घेतात. धनादेश दिलात तर तो वटल्याची तारीख हीच भरणा तारीख धरतात, दिल्याची नाही. नोंदणीच्या आदल्या दिवशी चेक टाकून 'भरलं' म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून सावध.

---

निवांत

एवढं डोकं कशाला लावायचं? मीटर जुन्या नावावर राहू दे. बिल भरत राहा, कोणी विचारत नाही. अर्ध्या सोसायट्या अशाच चालतात.

---

बिलवाचक

चालतात, काम पडेपर्यंत. भार वाढवायचा तर अर्ज ग्राहकाच्या सहीने. दर बदलायचा तर तेच. छतावर सोलर बसवायचं तर अनुदानाचा अर्ज ज्याच्या नावावर वीजबिल त्याच्याच नावाने. बिलाची तक्रार ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचात न्यायची तर पहिला प्रश्न 'ग्राहक कोण?' आणि सुरक्षा ठेवीचा परतावा तर कागदोपत्री ज्याचं नाव त्यालाच. इथे तर नाव दोन मालक मागचं आहे, तो माणूस सापडेल याची आजच खात्री नाही. अजून एक मालक बदलला की कोण शोधणार?

नाव बदलाचं प्रकरण किरकोळ आहे. यू फॉर्म (नाव बदलाचा अर्ज), नोंदणीकृत खरेदीखताचं इंडेक्स-२ (नोंदणी कार्यालयाचा उतारा), ओळखपत्र, शेवटचं भरलेलं बिल, सोसायटीचं भागप्रमाणपत्र किंवा पत्र. सामानबांधा, तुमच्या बाबतीत मधल्या व्यवहाराचं इंडेक्स-२ देखील जोडा. बिलावरच्या नावापासून तुमच्या नावापर्यंतची साखळी कागदांवर सलग दिसली पाहिजे, मधली कडी नसली की अर्ज परत येतो. ऑनलाइन अर्ज करता येतो, पण फाइल पुसट स्कॅन झाली म्हणून नाकारलेले अर्ज बरेच असतात. इंडेक्स-२ वरचा सदनिका क्रमांक आणि बिलावरचा पत्ता एकच आहे ना ते अर्ज करण्याआधी जुळवा. बी विंगचा फ्लॅट आणि बिलावर नुसतं '३०२' असेल, तर पत्तादुरुस्ती त्याच अर्जात मागून टाका.

ठेवीचं असं. जुन्या ग्राहकाने संमतिपत्र दिलं, तर ९४० तुमच्या खात्यात वळतात. नाही दिलं, तर ते त्याचेच, तुम्हाला नव्याने ठेव भरावी लागते. ९४० साठी त्याला शोधत फिरू नका. नाहीतरी ठेव आता दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी धरतात. दोन एसी चालले की वर्षभरात फरकाचं बिल येणारच. ठेवीवर बँक दराने व्याज मिळतं, ते बिलातूनच वजा होऊन येतं, तेवढं वर्षातून एकदा बघून घ्या.

---

तारजोड

कागद ठीक आहेत, पण त्याआधी एक तपासणी आहे जी कोणी करत नाही: बिलावरचा मीटर खरंच त्याच फ्लॅटचा आहे का?

मीटर रूममध्ये पंचवीस-तीस मीटर एका पाट्यावर असतात. वरचे फ्लॅट नंबर खडूने, पेंटने, कधी नुसत्या चिकटपट्टीवर. रंगकाम झालं की पुसले जातात आणि वॉचमन आठवणीने परत लिहितो. तेव्हा हे करा.

आधी मीटरच्या पट्टीवरचा छापील अनुक्रमांक बिलावरच्या मीटर क्रमांकाशी जुळवा. फ्लॅट नंबरचं लेबल हा पुरावा नाही. मीटर मध्ये कधी बदलला असेल आणि बदली अहवाल संगणकात चढला नसेल, तर बिलावर जुनाच क्रमांक दिसतो. बरीच 'लॉक' बिलं अशीच जन्माला येतात: रीडिंगवाला फोटो घेतो, क्रमांक जुळत नाही, सिस्टिम फेकून देते.

मग एकाने फ्लॅटमध्ये थांबायचं, एकाने मीटरपाशी, दोघांत फोन चालू. फ्लॅटमधला मेन स्विच बंद करा. मीटरवरचा लाल दिवा, ज्याच्या शेजारी '३२०० इम्प/केडब्ल्यूएच' (म्हणजे एका युनिटला ३२०० झपके) असं काहीतरी छापलेलं असतं, तो लुकलुकायचा थांबला पाहिजे. दोन-तीन मिनिटं बघा. वापर फार कमी असेल तर दोन झपक्यांत बराच वेळ जातो, घाई केलीत तर फसाल. आता मेन चालू करून एकच मोठं उपकरण लावा. बंद फ्लॅटमध्ये काही नसतं, तेव्हा घरून इस्त्री घेऊन जा. १,००० वॅटच्या इस्त्रीला ३२०० वाल्या मीटरवर मिनिटाला साधारण ५३ झपके पडतात, २,००० वॅटच्या गीझरला १०७ च्या आसपास. चाळीस-पन्नास म्हणजे ठीक, कारण व्होल्टेज २३० च्या खाली असलं की इस्त्री पूर्ण हजार खात नाही. इस्त्रीचा थर्मोस्टॅट मध्येच बंद होतो, म्हणून गरम व्हायच्या आत पहिल्या मिनिटातच मोजा. ५३ च्या जागी ८० आले तर मीटरची तपासणी मागा. कंपनीची माणसं ॲक्युचेक यंत्र लावून जागेवर बघतात, त्याचं शुल्क असतं.

फोटोचंही सांगतो. डिस्प्लेवर आकडे फिरत राहतात: तारीख, वेळ, व्होल्टेज, करंट, कमाल मागणी. लोक नेमका 'एमडी' किंवा 'केव्हीए' चा फोटो काढून येतात आणि मग '२.४१' हे रीडिंग म्हणून पाठवतात. कोपऱ्यात केडब्ल्यूएच (म्हणजे युनिट) दिसतंय अशा वेळीच टिपा, आणि त्याच चौकटीत मीटरचा अनुक्रमांक आला पाहिजे. दोन वेगळे फोटो कामाचे नाहीत.

---

दरपत्रक

कमर्शियल दराबद्दल. शिकवणी बंद झाली म्हणून दर आपोआप बदलत नाही, अर्ज करावाच लागतो. नाव बदलाच्या अर्जासोबतच 'वापर निवासी, दर एलटी-१ निवासी करावा' हा वेगळा अर्ज द्या. एकात दोन मागण्या लिहिल्या की एकच होते. स्थळ तपासणीला माणूस येतो, तेव्हा घरात बाकं-फळा राहिलेला नसावा. बोर्ड, नावाची पाटी काढून टाका, ही गोष्ट हास्यास्पद वाटते पण अहवालात तेच लिहिलं जातं. नाव बदल आणि दर बदल दोन्ही दुसऱ्या बिलापर्यंत व्हायला हवेत. तोवर भरलेला जादा आकार मागायचा असेल, तर अर्जाची पोच हाच तुमचा आधार.

निवासी झालात की वीज शुल्क २१ टक्क्यांवरून १६ वर येतं आणि स्थिर आकार बराच उतरतो. युनिटच्या दराचं गणित मात्र वेगळं आहे. लहान दुकानाला सगळ्या युनिटना एकच दर असतो, घरगुतीला १०० / ३०० / ५०० चे टप्पे. दोन एसी लावून महिन्याला साडेचारशे युनिट गेले तर वरचे दीडशे दुकानापेक्षाही महाग पडतात. याचा अर्थ कमर्शियल राहा असा नाही, फक्त 'निवासी केलं की बिल अर्धं' अशी आशा ठेवू नका.

उलटी चूक जास्त महाग पडते: मीटर निवासी आणि घरात दुकान. विद्युत कायद्याचं कलम १२६ लागलं की दुप्पट दराने आकारणी. घरातूनच छोटा व्यवसाय असेल, तर महिन्याला ३०० युनिटच्या आत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० च्या आत असणाऱ्यांना निवासी दरच लागतो. तुमच्यापैकी कोणी घरी शिवणकाम किंवा शिकवण्या घेणार असाल तर हा आकडा लक्षात असू द्या.

भार. १ किलोवॅट मंजूर आणि तुमची उपकरणं बघू: एसी साधारण ८ अँपिअर एक, दोन म्हणजे १६. गीझर पावणेनऊ. इंडक्शन जोरात तेवढीच. फ्रिज, दिवे, पंखे सोडूनच ३३ च्या पुढे गेलं. जुन्या सिंगल फेज मीटरवर '५-३०' छापलेलं असतं, म्हणजे ३० अँपिअर ही त्याची कमाल. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळं एकदम चाललं की आधी टर्मिनलचा स्क्रू तापतो, ॲल्युमिनियमची तार सैल होते, मग काळी पडते, आणि एक दिवस मीटर जळतो. जादा भाराने जळला असं अहवालात आलं तर नव्या मीटरचा खर्च तुमचा.

भार वाढवून ५ किंवा ६ किलोवॅट मागा. परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागेल. थ्री फेज एजंट सुचवतील, पण त्याचा स्थिर आकार सिंगल फेजच्या साधारण तिप्पट असतो, एसी चालो न चालो. चारजणांच्या घराला दोन एसीसाठी तो लागत नाही. गीझर आणि इंडक्शन एकावेळी न लावण्याची सवय स्वस्त पडते. मीटरनंतरची वायर मात्र बघा. तीस वर्षांच्या इमारतीत मीटर रूम ते फ्लॅट तार २.५ चौ. मिमी असेल, तर भार मंजूर होऊनही उपयोग नाही. ६ चौ. मिमी तांब्याची घाला, रंगकामाच्या आधी.

---

सामानबांधा

काल जाऊन आलो. मीटरचा अनुक्रमांक बिलाशी जुळला. पण फ्लॅटचा मेन बंद केला तरी दिवा लुकलुकतच होता, मिनिटाला सातेक वेळा. फ्लॅटमध्ये इस्त्री लावली तेव्हा या मीटरवर काहीच फरक पडला नाही, शेजारच्या मीटरवर मात्र झपके वाढले. ई/एल लिहिलेला एक दिवाही पेटलेला दिसला.

---

तारजोड

मग अदलाबदल आहे. तुमच्या फ्लॅटचा वापर शेजारच्या मीटरवर, आणि त्यांचा तुमच्या बिलावर. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला सात झपके म्हणजे साधारण १३० वॅट, फ्रिज किंवा दोन पंखे. बंद फ्लॅटच्या मीटरवर सहा महिने शेजाऱ्यांचा वापर पडतोय असं धरून चाला. 'लॉक'मुळे ते बिलात दिसलं नाही इतकंच.

ई/एल म्हणजे अर्थ लोड. आपल्याकडचे सिंगल फेज मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींचा करंट मोजतात आणि जो जास्त असेल त्यावर युनिट धरतात. दोन्हींत फरक पडला की हा दिवा लागतो. अदलाबदलीत काही वेळा फेज एका मीटरवरून आणि न्यूट्रल दुसऱ्यावरून गेलेला असतो. तसं असेल तर दोन्ही घरांना जादा युनिट लागतात आणि कुणालाही कळत नाही. फ्लॅटच्या आतच दोन घरांचे न्यूट्रल एकमेकांना जोडलेले असतील, तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलीत तरी टिकणार नाही, सारखी पडेल. इलेक्ट्रिशियन मग आरसीसीबीच काढून टाकतो, ते मात्र करू देऊ नका.

तारा स्वतः बदलू नका, खासगी वायरमनकडूनही नाही. मीटरची सील तुटली की प्रकरण वेगळ्याच कलमात जातं. शेजारी आणि विक्रेता दोघांच्या सहीने शाखा कार्यालयात अर्ज: अमुक ग्राहक क्रमांक आणि अमुक ग्राहक क्रमांक यांची मीटर जोडणी उलट आहे, तपासणी व्हावी. तपासणीला दोन्ही घरची माणसं हजर हवीत, आणि अहवालात त्या दिवशीच्या दोन्ही मीटरच्या रीडिंग लिहून घ्या. तार बदलण्यापेक्षा दोन ग्राहक क्रमांकांवरचे मीटर क्रमांक संगणकात बदलणं कधीकधी सोपं ठरतं, पण फेज-न्यूट्रलची सरमिसळ असेल तर तारांना हात लावावाच लागेल.

शेजाऱ्यांशी बोलताना सांभाळून. त्यांना वाटेल तुम्ही आल्या आल्या पैसे मागताय. फ्लॅट बंद असताना त्यांच्या बिलावर तुमच्या फ्लॅटचा काहीच वापर नव्हता, म्हणजे त्यांना अगदी कमी बिल आलेलं असणार. आता ते वाढेल. हे आधीच सांगा.

---

बिलवाचक

हे निघालं ते बरंच झालं, नोंदणीच्या आधी निघालं. आता दुरुस्त बिलाचा अर्ज वेगळा देऊ नका, तपासणी अहवाल आल्यावर त्याच्या आधारेच द्या. नाहीतर आजच्या रीडिंगने बिल निघेल आणि शेजाऱ्यांचे युनिट विक्रेत्याकडून वसूल होतील, तो तुमच्यावर चिडेल. आणि रक्कम राखून ठेवा म्हटलं होतं, ती आता नक्की ठेवा.

---

पावसाळी

मध्येच विचारतो. आमचं घरगुती मीटर, सहा महिने लॉक होतं. आता ९०० युनिट एकाच बिलात आलेत. भरायचं का?

---

दरपत्रक

तसं भरू नका. सहा महिन्यांच्या युनिटना सहा महिन्यांचे टप्पे मिळाले पाहिजेत. २०२४-२५ च्या दराने करून दाखवतो, फक्त वीज आकार आणि वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा, प्रत्येक युनिटला १.१७ जादा) धरून. पहिल्या १०० ना ४.७१, ३०० पर्यंत १०.२९, ५०० पर्यंत १४.५५, त्यावर १६.६४.

९०० एकाच महिन्याचे मानले: ५८८ + २,२९२ + ३,१४४ + ७,१२४ = १३,१४८ रुपये.

दरमहा १५० मानले: महिन्याला ५८८ + ५७३ = १,१६१. सहा महिन्यांचे ६,९६६.

फरक ६,१८२ आणि त्यावर १६ टक्के शुल्क. तुमचे दर वर्षाप्रमाणे वेगळे असतील, पद्धत हीच. मधल्या महिन्यांत सरासरीने भरलेलं बिल 'लॉक क्रेडिट' म्हणून वजा व्हायला हवं, ते दिसतंय का बघा. हे दोन्ही नसेल तर बी-८० चा अर्ज.

(सामानबांधा, तुमचा दर सध्या कमर्शियल, त्यामुळे टप्प्यांचा हा मुद्दा तुमच्या जुन्या बिलाला लागू नाही.)

---

भाडेकरार

कोथरूडचं कोणी घेतलंच नाही.

अतिरिक्त सुरक्षा ठेव मालकाची. ती त्याच्या नावावर जमा राहते, व्याज त्याला, परतावा त्याला. ते बिल वेगळं छापून येतं म्हणून भाडेकरूच्या हातात दिलं जातं, एवढंच. भरलीच असेल तर अनामत रकमेच्या हिशेबात परत मागा.

वापराचं बिल तुम्ही १२ पर्यंतचंच द्यायचं. किल्ली देताना मालकासमोर रीडिंगचा फोटो, त्याच्या नंबरवर तिथल्या तिथे पाठवा. समजा २० तारखेची रीडिंग ४,२१० आणि १२ ची ४,३४२. दिवस २२, युनिट १३२. स्वस्त टप्पा दिवसांच्या प्रमाणात धरा: १०० चे ७३. उरले ५९ दुसऱ्या टप्प्यात. दरपत्रक यांनी वर दिलेल्या २०२४-२५ च्याच दराने ४२९ + ६७६, म्हणजे १,१०५. त्यावर स्थिर आकार आणि इंधन समायोजन प्रमाणात, मग १६ टक्के. काही मालक सगळे युनिट वरच्या टप्प्याने लावतात, तेव्हा तेच १,५१३ होतात. फ्लॅट १२ नंतर रिकामाच राहणार असेल तर पूर्ण १०० युनिटचा टप्पा तुमचा, मग ९५५. हे आधीच बोलून घ्या.

महिन्याच्या मध्यात घर सोडणाऱ्यांना ॲपवरून रीडिंग पाठवायचा मोह होतो. ते रीडिंग ठरलेल्या तारखेच्या आधी एसएमएस आला की चार दिवसांतच स्वीकारतात. एरवी पाठवलेलं बिलात येत नाही, म्हणून फोटोच ठेवा.

---

सामानबांधा

शेजारी तयार झाले, परवा दोघांचा मिळून अर्ज देतोय. महावितरण तिथे स्मार्ट मीटर बसवतंय असं सोसायटीत कळलं. अदलाबदल त्यातच निघेल का?

---

तारजोड

नाही, उलट पक्की होईल. मीटर बदलणारा जुन्या जागी नवा लावतो, जुन्या तारा जुन्या जागी जातात. चूक तशीच पुढे. आधी तपासणी, मग नवा मीटर.

बदलीच्या दिवशी जुन्या मीटरच्या शेवटच्या रीडिंगचा फोटो घ्या, बदली अहवालावर तोच आकडा आहे ना ते पाहूनच सही करा. जुना मीटर एकदा गाडीत गेला की तो आकडा सिद्ध करायला काही उरत नाही.

---

दरपत्रक

आणि निवासी दर लागू व्हायच्या आत स्मार्ट मीटर बसला, तर घरगुती ग्राहकाची सकाळी ९ ते संध्याकाळी ५ ची सवलत (जुलै २०२५ मध्ये सुरू झाली तेव्हा युनिटमागे ८० पैसे) सुरू होणार नाही, कारण खातं अजून कमर्शियल. दर बदल झाल्यानंतरच्या पहिल्या बिलात ती ओळ शोधा. गीझर सकाळी ९ नंतर लावणं जमलं तर तेवढंच.

---

बिलवाचक

शेवटची बारीक गोष्ट, नाव बदलून झाल्यावर. जुन्या मालकाने गो-ग्रीन घेतलं असेल तर कागदी बिल येतच नाही, ईमेल त्याच्याकडे जातं, एसएमएसही. तुम्हाला वाटतं बिल आलं नाही, आणि दोन महिन्यांनी नोटीस. म्हणून आधी मोबाइल बदला: इंग्रजी मोठ्या अक्षरांत एमआरईजी, मग एक जागा सोडून १२ अंकी ग्राहक क्रमांक, ९९३०३९९३०३ वर. ईमेल संकेतस्थळावरून. नोंदणी झाली की पुढच्या रीडिंगच्या एक दिवस आधी एसएमएस येतो. तो आला नाही तर नंबर चढलेला नाही, १९१२ ला विचारा.